गड्यांच्या अदलाबदलीचे दिवस

सकाळी भरलेला डबा घरीच उघडला गेला, की त्या दिवशी अण्णांना काम मिळालेलं नसायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या एका सूतगिरणीत ते बदली कामगार होते. कायमचा माणूस आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या जागेवर उभा राहायचा तो बदली. आई रोज अंधारात भाकरी थापायची, डबा भरायची, आणि अण्णा गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. भोंगा व्हायचा, कायमवाले आत जायचे, मग जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर यायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट तो आत, बाकीचे घरी. परत आलेले अण्णा डबा ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला जायचे आणि आई तो डबा ताटात काढायची. मी आणि माझा भाऊ खूश, कारण वडिलांबरोबर जेवायला मिळायचं. आईच्या तोंडाकडे बघायची अक्कल आम्हाला फार उशिरा आली.

हे सगळं मला दर वर्षी जून सरताना आठवतं. आणि आठवतं ते बास्केटबॉलमुळे.

जून संपत आला की नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनच्या बाहेर शेताच्या कडेला लागलेली अ‍ॅस्परॅगसची पाटी उतरते. पांढऱ्या, जाड देठांची ती भाजी इथल्या लोकांचा जीव की प्राण. पण शेतकरी एका ठरलेल्या दिवशी ती विकायची थांबवतो म्हणजे थांबवतो, आणि त्याच टपरीवर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडतो. सायकलच्या लाल वाटेवर लिंडेनच्या झाडांचा वास साचलेला असतो, कोणीतरी मध सांडून ठेवल्यासारखा. जेवणं झाली तरी ऊन मावळायचं नाव घेत नाही. आणि याच दिवसांत माझा फोन दर थोड्या वेळाने थरथरायला लागतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा हंगाम संपलेला असतो, करंडक कोणाचा ते ठरलेलं असतं, आणि खरा खेळ सुरू झालेला असतो. कोणाला कोणत्या संघाने विकलं, कोणाचा करार संपला, कोण मोकळा झाला, कोण कुठे जाणार. मैदानावर एक चेंडू उडत नाही आणि तरी माणसं दिवसभर बोलत असतात.

मला हे दिवस सामन्यांपेक्षा जास्त आवडतात. आता ही आवड कुठून आली म्हणाल, तर आमच्या शाळेच्या मैदानावर एक सिमेंटचं कोर्ट होतं, दोन रिंगा होत्या, आणि जाळी एकीलाही नव्हती. मी बुटकी, म्हणून गार्ड. चेंडू आणून द्यायचा, ओरडायचं, आणि उंच मुलींना श्रेय मिळताना बघायचं. पुढे कॉलेजच्या संघात खेळले, इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, आणि मिरवून सांगते. माझ्या ईमेलखाली अजून डिग्री लिहिलेली असते. आमचा शेजारी समीर कुलकर्णी त्याला हसतो. त्याचे आजोबाही पदवीधर होते. हसू दे.

तर तो उन्हाळा. सई, माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती आणि अण्णा पहिल्यांदाच इकडे आले होते. भावाकडे नवं बाळ होतं म्हणून आई तिकडेच राहिली आणि अण्णा एकटे आले, स्वेटर, कानटोपी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन. जूनमध्येही त्यांनी स्वेटर उतरवला नाही. रोज सकाळी फिरायला निघायचे आणि हमखास सायकलच्या वाटेवरून चालायचे. मागून घंटी वाजली की थांबून, वळून, त्या सायकलवाल्याला हात वर करून नमस्कार करायचे. महिनाभरात आमच्या भागातले अर्धे लोक त्यांना उलट हात करायला लागले होते.

नाश्त्याला सई टॅबलेट उभा करायची आणि आदल्या दिवशीच्या बातम्या लावायची. अण्णांना इंग्रजी कळायचं नाही, सईचं मराठी अर्ध्यात संपायचं, पण दोघांचं छान चालायचं.

"आजोबा, हा बघा. याला ट्रेड केलं. काल."

"म्हंजे?"

"म्हणजे तो आता दुसऱ्या टीममध्ये. ते त्यांना दुसरे दोन प्लेअर देणार."

अण्णांनी पोह्याचा चमचा खाली ठेवला. "त्याला इचारलं का गं कुणी?"

"दे डोन्ट हॅव टू आस्क, आजोबा. कॉन्ट्रॅक्ट टीमकडे आहे."

"त्याची बायको काय म्हणली मग?"

सईने याचं उत्तर गंभीरपणे शोधायला घेतलं. मला हसू आलं, पण विचारही आला की इतकी वर्षं मी या बातम्या वाचते आणि बायकोचं कधी माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी माणूस मुलाला शाळेत सोडतो, दुपारी त्याला कळतं की उद्यापासून आपलं गाव दुसरं.

एक गोष्ट मात्र अण्णांना लगेच पटली, ती म्हणजे ड्राफ्ट. नवे, कोवळे खेळाडू लीगमध्ये येतात तेव्हा पहिली निवड करायची संधी तळाच्या संघांना जास्त असते. जो हरला त्याला आधी घास. सईने हे हातवारे करून सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हे तर आमच्या गेटवर व्हतं की."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की गेटवर सगळं जॉबरच्या बोटावर चाले. अण्णा म्हणाले, जॉबर बोट दाखवायचा खरं, पण पुढे कोण उभं राहायचं ते बदलीवाल्यांनी आपसांत ठरवलेलं होतं. काल ज्याला काम लागलं तो आज आपणहून मागे उभा राहायचा. जो बरेच दिवस रिकामा परतला तो सगळ्यांत पुढे. कुठे लिहिलेलं नाही, कोणी सही केलेली नाही.

"आणि कोणी चीटिंग केलं तर?" सईने विचारलं. तिला लीगमधले ते संघ आठवले असणार, जे वर्षभर मुद्दाम हरतात, पुढच्या वर्षी चांगला गडी मिळावा म्हणून.

"करायचे की. एक जण दुसऱ्या गिरणीत पाळी करून यायचा आन हितं तोंड पाडून पुढं उभा राहायचा. पर सूतगिरणीत काम केलं की केसात कापसाचं तूस बसतं. मग कोणतरी त्याच्या डोक्यातलं तूस काढायचं, त्याच्या हातावर ठेवायचं. बास. बोलायचं काय न्हाई. तो गुमान मागं जायचा."

सई म्हणाली, "दॅट्स अ बेटर सिस्टिम."

मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं, की खेळातला समतोल म्हणजे काही फार मोठं शास्त्र नाही. श्रीमंत संघाने सगळेच चांगले गडी उचलले तर बाकीच्यांनी मैदानावर यायचं कशाला. म्हणून पगाराला मर्यादा, म्हणून तळाच्याला पहिली संधी. पण त्याच वेळी माणूस हा माणूस असतो. त्याने किती वर्षं दुसऱ्याच्या मर्जीने जायचं? म्हणून करार संपला की त्याला मोकळीक. आता तो कुठेही जावो. आणि मोकळीक मिळाली की चांगला गडी लहान गाव सोडून मोठ्या शहरात जातो, की समतोल पुन्हा ढासळला. या दोन गोष्टी एकमेकींशी कधी जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत म्हणूनच दर जूनमध्ये एवढी मजा येते.

हे मी एकदा जेवताना अण्णांना सांगत होते. म्हटलं, सोलापूर म्हणजे असाच एक लहान संघ. घडवायचं तिथे, आणि गडी निघाले पुण्याला, पुण्याहून इकडे.

"आन आम्हाला बदल्यात काय मिळालं?" अण्णा म्हणाले. "व्हिडिओ कॉल."

माझा नवरा प्रशांत इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या पानात बराच वेळ पडून राहिलं.

आता माझं काय चाललं होतं ते सांगायला हवं. मी एका सल्लागार कंपनीच्या पगारावर होते, आणि ती कंपनी मला चिप बनवायच्या यंत्रांच्या कामावर फेल्डहोवनमध्ये पाठवायची. म्हणजे संघ एकाचा आणि खेळायचं दुसऱ्याच्या मैदानावर. पाच वर्षं माझा राहण्याचा परवानाही त्याच कंपनीच्या नावाला बांधलेला होता. त्या वसंतात मी डच भाषेच्या परीक्षा संपवल्या आणि कायम राहण्याचं कार्ड हातात आलं. आता मी या देशात कुठेही नोकरी करू शकत होते. सईने त्या कार्डाकडे बघून मला खेळातलं मोकळ्या झालेल्या गड्याचं नाव दिलं होतं, "फ्री एजंट."

आणि नेमका तेव्हाच माझा प्रकल्प संपला. सल्लागार कंपनीतला माझा मॅनेजर व्हिलम चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने मला कॉफीला बोलावलं आणि सरळ सांगितलं. नवं काम अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजूला आहे, विमानतळाजवळ. राहायला नीउ-व्हेनेप बरं पडेल, तिथे पुष्कळ नवी घरं झाली आहेत. आणि तू हे घेतलंस तर आम्ही तुला कायम करतो.

कायम. आमच्या घरात या शब्दाचं वजन काय होतं ते व्हिलमला कसं माहीत असणार. आमच्या गल्लीत कोणी कायम झालं की लोक त्याला बघायला जायचे, जसं बाळ बघायला जातात.

मला जायचं नव्हतं. सईचा क्लब इथे होता, तिच्या मैत्रिणी इथे होत्या, आणि त्याहून खरं म्हणजे आयंटहोवनजवळ एक लहान कंपनी होती जिच्यावर माझा डोळा होता. अगदी बारीक मोजमाप करायची उपकरणं बनवणारी, माझ्या आवडीची. मीच त्यांना लिहिलं होतं आणि ते मला घ्यायला तयार होते. पण एक वर्षाच्या करारावर. पुढचं पुढे बघू, म्हणाले. हे सगळं व्हिलमला सांगायचं सोडून मी काय केलं, तर कॉफीचा कप धरून म्हणाले, छान आहे, बघते. आपल्याकडे अशा "बघते"चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. व्हिलमने मात्र दुपारपर्यंत माझं नाव नव्या प्रकल्पाच्या तक्त्यात टाकलं होतं.

घरी सांगितलं तर अण्णांनी हात जोडून देवाचं नाव घेतलं. "कायम करत्यात? मग इचार कसला करतीस?"

प्रशांत अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात एका बँकेत आहे, आठवड्यातून तीन दिवस इथून ट्रेनने जातो. तो म्हणाला, "मला सोयीचं पडेल म्हणून मी म्हणत नाहीये." हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी सईने त्याला सांगितलं, "बाबा, यू आर म्हणिंग इट."

दुसऱ्या कंपनीचं सांगितल्यावर अण्णा उठून बागेत गेले. परत आले ते म्हणाले, "एक वर्साचा म्हंजे पुन्हा गेट. मी जल्मभर गेटवर हुबा ऱ्हायलो ते तू पुन्हा गेटवर जायला?"

"अण्णा, तुम्हाला दुसरं गेट नव्हतं. मला आहे."

"सगळी गेटं सारखीच असत्यात बाय."

दोन दिवस आमच्या घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता.

त्याच आठवड्यात गार्डचं प्रकरण झालं.

फेल्डहोवनमधल्या आम्ही आठ मराठी घरांनी एक खेळ चालवलाय. प्रत्येक घराचा एक कागदावरचा संघ. त्यात अमेरिकेतले खरे खेळाडू वाटून घेतलेले, ते तिकडे मैदानावर जसे खेळतील तसे इकडे आम्हाला गुण. संघ वर्षानुवर्षं तोच राहतो आणि उन्हाळ्यात अदलाबदल चालते. अदलाबदलीचा नियम एकच. फोनवर नाही, एकमेकांच्या घरी जाऊन, समोरासमोर बोलायचं. हा नियम कोणी केला आठवत नाही, पण त्यामुळे जूनभर सगळ्यांकडे येणंजाणं असतं आणि खाणं असतं. आमचा संघ सई चालवते. तिचा एक लाडका गार्ड होता, तरुण, चपळ, दोन वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हतं तेव्हा तिने घेऊन ठेवलेला. सगळ्यांचा त्याच्यावर डोळा होता आणि सई कोणाला दाद देत नव्हती.

शनिवारी सकाळी सई आणि मी स्ट्रॉबेरी आणायला गेलो. तेवढ्यात समीर आमची शिडी परत द्यायला आला. अण्णांनी त्याला बसवलं, सकाळचे पोहे गरम करून दिले, चहा टाकला. समीरने पोहे खाता खाता विचारलं, "अण्णा, तुमचा तो गार्ड मला देता का? बदल्यात दोन उंच गडी देतो."

"घ्या की," अण्णा म्हणाले, "त्यात काय."

आम्ही परतलो तेव्हा आठ घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी पडली होती, समीरने अण्णांबरोबर काढलेल्या फोटोसकट. फोटोत अण्णा कानटोपी घालून प्रसन्न हसत होते. ते दोन उंच गडी म्हणजे गुडघे संपलेले, निवृत्तीला आलेले म्हातारे होते. सईच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"आजोबा. तुम्ही माझा प्लेअर दिला?"

"आगं, मानूस घरी आला. आपल्या ताटात खात हुता. खाताना मागितलं त्यानं. न्हाई कसं म्हनायचं?"

"तुम्ही फक्त नेय म्हणायचं. म्हणजे नाही. दॅट्स ऑल."

"ताटावर बसलेल्याला?"

"हो. ताटावर बसलेल्याला."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला अण्णांची बाजू अंगाअंगात कळत होती. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेच तर केलं होतं, कॉफीचा कप हातात धरून. फरक इतकाच की मी स्वतःलाच देऊन आले होते.

सईने गटावर दाद मागितली. तिचं म्हणणं, संघ माझा, मला न विचारता व्यवहार झाला. समीरचं म्हणणं, घरातल्या मोठ्या माणसाने शब्द दिला, झाला. बाकीच्या सहा घरांनी मत दिलं आणि शेवटी निकाल असा लागला, की अण्णांनी स्वतः समीरच्या घरी जाऊन गडी परत मागितला तर व्यवहार रद्द. हा निकाल देताना सगळ्यांची खात्री होती की अण्णा काही मागणार नाहीत. समीर तर म्हणाला, "वहिनी, मी आजच शिरा करायला सांगून ठेवतो. शिरा खाऊन कोण परत मागतंय."

अण्णा दोन दिवस गेले नाहीत. सई त्यांच्याशी बोलत होती, पण नाश्त्याला टॅबलेट उभा करत नव्हती. ते त्यांना फार लागलं. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तर अण्णा स्वेटरची बटणं लावत होते.

"चल गं," सईला म्हणाले. "तू निस्ती हुबी ऱ्हा. बोलतो मी."

मीही मागून गेले. समीरच्या दारात चपला काढल्या, आत बसलो. त्याच्या बायकोने, मानसीने, खरोखरच शिरा केला होता, वर काजू लावून. चार वाट्या आल्या. अण्णांनी वाटी हातात घेतली, चमचा घेतला, आणि थांबले. त्यांच्या मानेची शीर दिसत होती. मी त्यांना गेटवर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते असेच दिसत असतील का, असं मला वाटून गेलं.

"समीरराव," ते म्हणाले, "शिरा खातो. पर गडी परत पायजे."

समीर हसायला लागला. "अण्णा, शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला हुता. माझा न्हवता तो द्यायला. पोरीचा हाय. आन पोरीला न इचारता दिला, ही माझी चूक. तुमचे दोन म्हातारे ठिवा तुमच्याकडं, त्यांना बी आराम पायजे." मग त्यांनी शिऱ्याचा पहिला चमचा तोंडात टाकला आणि मानसीला म्हणाले, "गोड ब्येस झालाय, पोरी."

मानसी म्हणाली, "समीर, दे बरं परत. एवढं स्पष्ट या घरात कोणी मागत नाही."

गडी परत आला. येताना सायकलच्या वाटेवरून अण्णा आणि सई पुढे चालत होते, मी मागे. ऊन तिरपं झालं होतं, लिंडेनचा वास येत होता, कोणाच्या तरी बागेत गवत कापायचं यंत्र चालू होतं. मागून घंटी वाजली आणि या वेळी अण्णा नमस्कार न करता नुसते बाजूला झाले, कारण त्यांचं बोलणं रंगलं होतं. कानावर आलं ते एवढंच, की तोंड उघडेपर्यंत फार जड जातं, नंतर काय वाटत नाही, उलट शिरा चांगला लागतो.

घराच्या फाटकापाशी ते थांबले. सई आत पळाली.

"ती नवी कंपनी," अण्णा म्हणाले. "त्यांनी तुला मागितलं का तू त्यांना?"

"मी त्यांना."

"तुला काम आवडतंय ते?"

"फार आवडतं, अण्णा."

ते बराच वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिले. "आमच्यात कुनी गेटवर जाऊन म्हनलं न्हाई, की मला ह्येच काम पायजे. जमतच नव्हतं तसं म्हनायला. मला अजून वाटतंय तू कायमचं घ्यावंस. माझ्या मनात भ्या हाय, ते जानार न्हाई. पर मला वाटतंय म्हनून घेऊ नगस." मग म्हणाले, "त्या सायबाला लवकर सांग. त्यानं दुसरा गडी बघायला पायजे ना. लटकत ठिवू नगस त्याला."

हे शेवटचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी आपली माझ्या मोकळिकीच्या विचारात, आणि अण्णांना काळजी समोरच्या संघाची.

दुसऱ्या दिवशी मीच व्हिलमला कॉफीला बोलावलं. सांगितलं, मी येणार नाही, मी दुसरीकडे जातेय, आणि त्या दिवशी मी नीट बोलायला हवं होतं. त्याने भुवया वर केल्या, थोडा वेळ कपात बघितलं, आणि म्हणाला, वाईट वाटतंय, पण आज सांगितलंस ते बरं झालं. मग त्याने विचारलं की तिथे काम काय आहे, आणि मी सांगायला लागले ती थांबलेच नाही. त्याने दुसरी कॉफी आणली. झालं ते एवढंच. त्यासाठी मी आठवडाभर तो विषय टाळत होते.

प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "मला गैरसोयीचं आहे म्हणून मी गप्प नाहीये." पण संध्याकाळी येताना त्याने स्टेशनवरून फुलं आणली. अजूनही तो तीन दिवस ट्रेनने जातो आणि अजूनही गैरसोयीचं नाही म्हणतो.

त्या वर्षी जुलैत लीगमध्ये एक मोठा खेळाडू मोकळा झाला आणि सगळे म्हणत होते की तो समुद्राकाठच्या मोठ्या शहरात जाणार. तो गेला नाही. आपल्या त्याच लहान, थंड, कोणी न विचारणाऱ्या गावात राहिला. बातमी आली तेव्हा अण्णा आणि सई नाश्त्याला बसले होते.

"आता त्याला इचारलं का?" अण्णा म्हणाले.

"येस, आजोबा. ही डिसायडेड."

"मग हारला तरी चालंल."

हरलाच तो संघ पुढच्या हंगामात, चांगला सडकून. मला वाटतं समतोल वगैरे साधायला बसलेल्या लोकांनी हे एक गणितात धरलेलं नसतं. माणूस कधी कधी स्वतः ठरवून तळाला राहतो आणि खुशीत असतो.

अण्णा ऑगस्टमध्ये परत गेले. विमानतळावर त्यांनी सईला सांगितलं, कोन घरी आलं तर खायला घाल, पर गडी देऊ नगस. नंतरच्या दोन उन्हाळ्यांत ते आईला घेऊन आले. या वर्षी त्यांचे गुडघे दुखताहेत म्हणून येणार नाहीत, पण रोज सकाळी सई त्यांना फोन लावते आणि बातम्या वाचून दाखवते. तिचं मराठी यामुळे पुष्कळ सुधारलंय, जरी थोडं सोलापुरी झालंय. परवा क्लबमधल्या डच मैत्रिणीशी बोलताना तिच्या तोंडून "हाय की" गेलं.

आज सकाळी सायकलवरून जाताना पाहिलं, शेताच्या कडेची पाटी उतरली आहे.

मी त्या सप्टेंबरात नव्या कंपनीत रुजू झाले. वर्ष संपल्यावर त्यांनी मला कायम केलं. आता तिथल्या मोजमापाच्या विभागाची मी प्रमुख आहे, आणि नवी माणसं घ्यायची असली की मुलाखत मी घेते.